उजवीकडची नणंद

२१ जानेवारी, मंगळवार

आज पार्लर बंद. कपाट आवरताना ही कोरी वही हाताला लागली आणि बरं वाटलं, कारण एक गोष्ट कुणाला तरी सांगायची होती. यांना सांगितलं तर हे "बघू" म्हणणार. लग्न झाल्यापासून ऐकतेय, यांचं "बघू" म्हणजे विषय संपला. नणंदेला सांगितलं तर ती त्याचं काय करेल याचा भरवसा नाही. पोटात तर राहत नाही, म्हणून वहीत लिहिते.

माझ्या उजव्या डोळ्यातला उजेड मधूनच जातो.

आमचं काम डोक्याकडून चालतं. बाई खुर्चीत मागे रेलते, मी तिच्या डोक्यामागे उभी राहते, दोऱ्याचं एक टोक दातात आणि फास दोन्ही हातांत. इतकी वर्षं मी बायकांचे चेहरे उलटेच बघत आलेय. काही जणी रस्त्यात सरळ भेटल्या की ओळखूच येत नाहीत. दोन्ही भुवया झाल्या की मी डावा डोळा मिटून बघते, सुतार फळी बघतो तशी. गेल्या आठवड्यात तसंच बघत होते. मान तशीच ठेवून नजर फक्त उजव्या भुवईकडे नेली आणि समोर अंधार झाला. नजर मधे आणली, परत लख्ख. पुन्हा नेली, पुन्हा अंधार. गिऱ्हाईक विचारतंय, "झालं का ताई?" मी म्हटलं, झालं.

थकवा असेल.

२३ जानेवारी

चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. सगळी अक्षरं घडाघडा वाचली, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. दुकानदार म्हणाला, "मावशी, नजर अगदी पोरीसारखी आहे." माझ्याएवढाच आहे तो, टक्कल पडलंय, आणि मला मावशी.

मी म्हटलं, "समोर दिसतं हो, उजवीकडे बघितलं की जातं."

"मग समोरच बघायचं," म्हणाला आणि हसला. मीही हसले. हसत बाहेर आले आणि जिन्याच्या वळणावर पुन्हा तेच.

३१ जानेवारी

आज डोक्याचा नुसता भुगा झालाय. कारण आमच्या नणंदबाई.

मी लग्न होऊन आले तेव्हा ही शाळेत होती, मीच तिच्या वेण्या घालत होते. तिला दोरा धरायला मी शिकवलं. आता दोन खुर्च्यांचं पार्लर आम्ही दोघी चालवतो, म्हणजे मी चालवते आणि ती हाताखाली असते, असा आजवर माझा समज होता. हल्ली बाई आत आली की मी उठायच्या आत ही म्हणते, "या ना, माझी खुर्ची मोकळी आहे." फेशियल, केस, वॅक्स सगळं माझ्याकडे ढकलते आणि भुवया आपल्याकडे ओढते. चुकून एखादी माझ्याकडे बसलीच, तर माझं झाल्यावर "जरा पावडर लावते" म्हणत तिच्या कपाळाशी लुडबुड करते. पावडर लावायला दोरा कशाला लागतो? मी विचारलं तर म्हणाली, "एखादा केस राहिला असेल, वहिनी." माझ्या हातून केस राहील? बोट दिलं की हात धरतात म्हणतात, ही तर खुर्चीच धरायला निघालीय.

एक कॉलेजातली मुलगी मला म्हणाली, "ताई, उशीर झाला म्हणून डोळे का वटारता?" मी वटारले नव्हते. आरशात बघितलं तर उजवा डोळा खरंच जरा रागावल्यासारखा वाटतो. दिवसभर आरशासमोर उभी असते, पण स्वतःकडे बघायला वेळ कुणाला आहे.

६ फेब्रुवारी

आज फार वाईट झालं. मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. पहिल्यापासूनच्या गिऱ्हाईक, माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्या भुवया केल्या, खुर्ची सरळ केली, आणि आरशात पाहिलं तर उजव्या भुवईचं टोकच नाही. अर्धी भुवई गायब. नजर उजवीकडे गेली असताना फास ओढला गेला असणार, असं मनात आलं.

तेवढ्यात नणंद पुढे झाली. म्हणाली, "बाई, चूक माझी आहे. पावडर लावताना माझ्या हातातला दोरा लागला." बाईंनी रुमाल कपाळावर धरला आणि त्या गेल्या.

माझा जीव भांड्यात पडला. माझ्या हातून झालं नव्हतं तर. पण मग असा संताप झाला की बाई गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. इतक्या जुन्या गिऱ्हाइकाची भुवई खाल्लीस, सांगितलं होतं की नाही लुडबुड करू नको म्हणून? ती खाली मान घालून केस झाडत राहिली. एक शब्द उलट बोलली नाही. चूक असली की माणूस असाच गप्प बसतो.

तिने पावडर लावलेली मला आठवत मात्र नाही. माझी पाठ असेल तेव्हा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सोक्षमोक्ष लागला. म्हणजे मला वाटलं होतं तसा नाही.

दुपारी मी तिला सरळ विचारलं, "पार्लर हवंय का तुला? हवं असेल तर तोंडाने सांग, असं पोखरत बसू नको."

ती भाजी निवडत होती. हात पुसून उठली आणि माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली. म्हणाली, "डावा डोळा मीट. मान हलवू नको. माझ्याकडे बघ."

"कशाला?"

"बघ तर. किती बोटं आहेत?"

काळोख होता सगळा. मी म्हटलं, "तीन."

"मी हात वर केलाच नाही, वहिनी."

मी डावा डोळाही उघडला. तिचे हात पाठीमागे होते.

"कधीपासून माहितीये तुला?" मी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून डोळा पुढे आलाय तुझा, हल्ली उजवीकडची वस्तू घेतानाही चाचपडतेस. दादाला म्हटलं तर तो बघू म्हणाला. तू सांगशील म्हणून थांबले. तू तर अंगावरच येतेस." मग ती रडली, मी रडले, भाजी तशीच राहिली. उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं ठरलं. ती बरोबर येणार म्हणते. मी नको म्हटलं, पण तिने आत्ताच चपला दाराशी मांडून ठेवल्यात.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर तरुण आहे. आधी समोरची अक्षरं वाचायला लावली, सगळी आली. मी उठायला लागले तर नणंद म्हणाली, "डॉक्टर, तिला उजवीकडे बघायला सांगा." तिथून सगळं बदललं. डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारला, मग एक पट्टी घेऊन कुठला डोळा किती बाहेर आहे ते मोजलं, मग औषधाच्या बाटलीचं लाल झाकण आधी डाव्या आणि मग उजव्या डोळ्यापुढे धरलं. डाव्याला लालभडक. उजव्याला गंजल्यासारखं. तो गप्प झाला आणि स्कॅन लिहून दिला. डॉक्टर बडबडत असतो तोवर ठीक असतं.

१९ फेब्रुवारी

गाठ आहे. डोळ्याच्या मागे, जांभळाएवढी.

ऑपरेशन करणाऱ्या बाईंकडे पाठवलं होतं. बुटक्या, पन्नाशीच्या, हळू बोलतात. त्यांच्या भुवया पाहून मला धक्का बसला, जन्मात दोरा लागलेला नाही. ज्या बाईला स्वतःच्या भुवया दिसत नाहीत तिच्या हाती डोळा द्यायचा?

त्या म्हणाल्या, "गाठ साधी आहे. पसरणारी नाही, जिवाला धोका नाही. पण जागा वाईट धरून बसलीय. डोळ्याच्या नसेला टेकलीय. तुम्ही उजवीकडे बघता तेव्हा ती नस दाबली जाते, म्हणून अंधार होतो."

"नाही काढली तर?"

"सावकाश वाढेल. आज उजवीकडचं जातंय, उद्या समोरचंही जाईल."

"आणि काढली तर?"

"बहुतेकांचं सुधारतं. काहींचं आहे तेवढं राहतं. एखाद्याचं टेबलावरच जातं. ते एखादं माणूस तुम्ही नसाल, असं मी सांगू शकत नाही."

यांनी फक्त "साधी आहे" एवढंच ऐकलं. रिक्षात तीनदा म्हणाले, "साधी आहे म्हणाल्या ना." हे लिफ्ट दुरुस्त करतात. बिघाड असला तर खोलायचं, साधा आवाज असला तर तेलाचे दोन थेंब, असा यांचा हिशेब. आणि खरं सांगू, मलाही तोच शब्द धरून बसावंसं वाटतंय.

२ मार्च

गाठ आता घरोघरी साधी झालीय. भाऊ फोनवर म्हणाला, "साधीच आहे ना, मग कशाला कापाकापी?" शेजारीण म्हणाली, तिच्या काकांच्या मानेवर साधी गाठ होती, नव्वदीपर्यंत त्या गाठीसकट जगले. काकांना मानेने बघायचं नव्हतं, हे मी बोलले नाही. उलट बरं वाटलं. ऑपरेशनच्या बाईंनी विचार करून कळवा म्हटलंय, मी विचार करतेय. हे म्हणाले, "बघू." पहिल्यांदाच तो शब्द गोड लागला.

एक नणंद तेवढी ऐकत नाही. आज दोरा गुंडाळताना म्हणाली, "दोऱ्यातली गाठही साधीच असते, वहिनी, पण फासात आली की कातडी ओरबाडते. तूच शिकवलंस." मी म्हटलं, तुझं तू काम कर. भुवया आता सगळ्या तीच करते. मी केस कापते, तेही मान वळवून वळवून.

१८ मार्च

लिहायला नको वाटतंय.

सकाळी नवीन लिपस्टिक कपाटात मांडून ठेवत होते. सवयीने डावा डोळा मिटून रंग बघितला. लाल, तपकिरी, वांग्याचा, सगळ्या नळ्या एकसारख्या मातकट. समोर धरल्या होत्या, उजवीकडे नाही. अगदी नाकासमोर. मी दिवा लावला, खिडकीशी गेले, नळ्या पदराने पुसल्या. मग एकेक उचलून नणंदेला रंग विचारत बसले, जणू तिची परीक्षा घेतेय. ती सगळे बरोबर सांगत गेली आणि मी "हं, बरोबर" म्हणत गेले. शेवटी ती म्हणाली, "मी बाईंना फोन करू का?"

मला दोन भुवया सारख्या आहेत की नाहीत एवढंच येतं. त्यापलीकडे काही येत नाही. त्याला दोन डोळे लागतात. ऑपरेशन केलं आणि मी ती एखादी निघाले तर उद्याच संपलं. नाही केलं तर थोडं थोडं करून संपेल. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मला दिसतायत तोवर ठरवायचं.

२० मार्च

बाईंकडे गेलो. उजव्या डोळ्याने वरच्या दोनच ओळी आल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी विचारलं, "कापणार कुठून?" त्यांनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथलं छोटं हाड बाजूला करायचं, मागून गाठ सोडवायची, हाड परत बसवायचं. "भुवईला हात लावणार नाही," म्हणाल्या. माझी नजर त्यांच्या भुवईवर गेलेली त्यांना कळली असावी.

"तुम्ही कुठे उभ्या राहता?"

"डोक्याकडे. आम्ही चेहरा उलटाच बघतो."

"मीपण," मी म्हटलं. मग त्यांनी विचारलं आणि मी दोरा कसा धरतात ते सांगितलं, ओढायचं कधी आणि सोडायचं कधी. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमचंही तेच. ओढायचं नाही. ती आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं. घाई केली की नस जाते."

मी होकार दिला. का, ते नीट सांगता येणार नाही. हे बाहेर म्हणाले, "परत एकदा बघू या का?" नणंद त्यांना म्हणाली, "दादा, तू बघ. तिला दिसायचं थांबलंय." हे पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. डाव्याने बघितलं म्हणून कळलं.

२ एप्रिल

उद्या ऑपरेशन. दवाखान्यातल्या खाटेवरून लिहितेय. भीती वाटते. भीती वाटते. दुसरं काही सुचत नाही.

मुख्याध्यापिकाबाई भेटायला आल्या. भुवई आलीय त्यांची, फक्त टोक जरा विरळ आहे. माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, "नणंद मिळवलीत हो तुम्ही. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरी आली होती." मी म्हटलं, "माफी मागायला आली असेल, चूकच तशी होती तिची." बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हो, तसंच काहीसं."

नर्सने उजव्या डोळ्यावर कपाळाला शाईचा बाण काढलाय. मी तिला दोनदा विचारलं, उजवाच ना. डोक्याकडून बघणाऱ्याला उजवं डावं बदलत नाही हे मला माहीत आहे, तरी विचारलं.

यांनी जाताना "बघू" म्हटलं नाही. काहीच म्हणाले नाहीत, पांघरूण पायावरून नीट केलं, परत काढलं, परत घातलं.

४ एप्रिल

डाव्या डोळ्याने, वाकडंतिकडं.

गाठ सगळी निघाली म्हणे. उजवा डोळा पट्टीखाली, सुजून गच्च बंद. काल नर्स सारखी येऊन पट्टी उचलायची, पापणी वर करून टॉर्च मारायची. "उजेड दिसतो?" पहिल्यांदा दिसला नाही. मी नाही म्हटलं तर ती पळत गेली आणि बाई आल्या. त्यांनी परत टॉर्च धरला आणि खूप वेळ धरून ठेवला. मग काहीतरी दिसलं, दाराच्या फटीतून दिसावं तेवढं. मी सांगितलं. त्यांनी हुश्श केलं ते मला ऐकू आलं. घरी गेल्यावर काय काय होईल ते त्या बराच वेळ सांगत होत्या, नणंद मान डोलावत होती. माझ्या कानात काही शिरलं नाही.

८ एप्रिल

घरी. तपासणीतही गाठ साधीच निघाली. हे सगळ्यांना फोन करून सांगतायत. पट्टी गेली, पण डोळा सुजेने मिटलेलाच. निळा, जांभळा, पिवळा. आरसा मीच झाकून ठेवलाय.

१३ एप्रिल, रविवार

परवापासून डोळा उघडतो. बाईंनी फोनवर सांगितलं, नजर सगळीकडे फिरवा, घाबरू नका. मी समोर बघते. डावा मिटून बघितलं, भिंत दिसते, पंखा दिसतो, थोडं धुरकट. लाल उशी लाल दिसली, तिला मी किती वेळ बघत बसले. वर बघते, खाली बघते, डावीकडे बघते. उजवीकडे बघत नाही.

उजवीकडचं काही हवं असलं की मी अख्खी मान वळवते. हे म्हणाले, "मानेलाही प्लास्टर आहे का?" समोरचं तर आधीही दिसत होतं. चष्मेवाल्याने तेवढंच बघून मला हसत घरी पाठवलं होतं. माझा डोळा गेला होता तो उजवीकडे, आणि आला असेल तर तिथेच कळणार. नाही आला तर तेही तिथेच. न बघितलं तोवर काही ठरलेलं नाही, म्हणून तीन दिवस मी ठरू दिलं नाही.

आज दुपारी नणंद पार्लरमधून जेवायला आली. रोजच्यासारखी खाटेच्या उजव्या बाजूला बसली. हल्ली ती कुठेही गेली तरी उजवीकडेच असते, चालताना, जिन्यात, रिक्षात. मला आधी वाटायचं, हिला मधे मधे करायची सवय आहे.

"वहिनी, इकडे बघ."

मी मान वळवली. तिने दोन्ही हातांनी माझं डोकं धरून सरळ केलं, गिऱ्हाइकाचं करतो तसं.

"मान नाही. नजर."

"उद्या बघते."

"तूपण दादासारखीच झालीस," ती म्हणाली. डोकं सोडलं नाही.

पळायला जागाच नव्हती. दोन्ही डोळे उघडे ठेवून मी नजर उजवीकडे नेली, हळूहळू, जिथे अंधार सुरू व्हायचा तिथपर्यंत, आणि त्याच्या पुढे. ऑपरेशन बिघडलं होतं. नणंदेच्या शेजारी नणंद बसली होती.

"काय दिसतं?" तिने विचारलं. दोघींनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "तू दोन दिसतेस. फोन कर बाईंना, काहीतरी चुकलंय."

ती फोनकडे गेली नाही. "बाई म्हणाल्या होत्या," ती कशीबशी म्हणाली, "स्नायूची सूज उतरेपर्यंत उजवीकडे दोन दिसतील. उजव्या डोळ्याला दिसत असेल तरच."

मला ते समजायला वेळ लागला. मी डावा डोळा मिटला. एक नणंद गेली. एक राहिली, उजव्या डोळ्यातली, धुरकट, पण तिथेच, काळोखाच्या जागी बसलेली. मी डावा उघडला, दुसरी परत आली. असं मी चार-पाचदा केलं.

मग तिला म्हटलं, "एक होतीस तीच मला पुरून उरली होतीस."

दोघीही रडत होत्या.